पाठीवरचा भार आणि सॅकची निवड

दिनांक १७ सप्टेंबर २०२५ रोजी बीडहून अहिल्यानगरकडे प्रवासी रेल्वेगाडी सुटली आणि जिल्ह्याची कित्येक दशकांची प्रतीक्षा संपली. व्यापारी कुटुंबांसाठी या घटनेचा एक लहानसा परिणाम आहे. स्वतःच्या मोटारीने जाणारा माणूस सामान डिकीत टाकून मोकळा होतो. रेल्वेने अथवा एसटीने जाणाऱ्यास ते स्वतः वाहावे लागते. गेवराई-माजलगावहून बीडला अपडाऊन करणारी तरुण मंडळी आता सर्रास सॅक वापरतात. पुण्याच्या रविवार पेठेत खरेदीस जाणारे पन्नाशीपुढचे दुकानदार मात्र अजूनही रेग्झिनची बॅग एका खांद्याला अडकवून हिंडताना दिसतात. दिवसभर शरीर एका बाजूस कलते आणि रात्री मान आखडते. तेच वजन दोन्ही खांद्यांवर विभागून पाठीलगत राहिले, तर तितके जाणवत नाही.

जैन प्रवाशाच्या सॅकचा हिशेब इतरांपेक्षा थोडा निराळा असतो. त्यात वहीखाते, चार्जर आणि कपड्यांचा जोड असतोच. शिवाय उकळलेल्या पाण्याची स्टीलची बाटली, सूर्यास्तापूर्वी आटोपायच्या जेवणाचा डबा, खाकरे आणि सामायिकाचे आसन व मुहपत्तीही असते. म्हणजे दुकान, स्वयंपाकघर आणि उपासना ही तिन्ही एकाच पिशवीत येतात. तेव्हा सॅक घेताना बाहेरच्या दिमाखापेक्षा आतली विभागणी पाहावी. उपकरणांसाठी वेगळा, कोरडा, वरचा कप्पा हवा. चपला-बूट ठेवायचे असतील तर खालचा कप्पा पूर्ण बंदिस्त हवा. डब्याचा कप्पा उलटा करून झटकता आला पाहिजे. तळाशी साचलेल्या चुऱ्याला मुंग्या लागतात आणि नकळत हिंसा घडते. बाटलीचे बाजूचे खिसे खोल व घट्ट असावेत. एक लिटर पाणी म्हणजे एक किलो वजन; उथळ खिशातून ती बाटली एसटीच्या पहिल्याच वळणावर घरंगळते.

आकाराच्या बाबतीत मोह आवरावा. सॅकचे माप लिटरमध्ये सांगतात. रोजच्या ये-जा करण्यास वीस ते बावीस लिटर पुरतात आणि दोन मुक्कामांच्या प्रवासास तीसच्या आसपास. एकाच सॅकमध्ये दोन्ही साधायचे असेल, तर पंचवीस ते अठ्ठावीस लिटरची, दोन्ही बाजूंस आवळपट्टे असलेली सॅक घ्यावी. सामान कमी असेल तेव्हा पट्टे ओढले की ती चापून बसते. चाळीस लिटरची घेतली तर ती भरलीही जातेच; रिकामी जागा माणसाला सहन होत नाही, मग ते गोदाम असो वा पिशवी. देशांतर्गत विमानप्रवासात साध्या वर्गाला हातातल्या सामानासाठी साधारणतः सात किलोंची मर्यादा असते, हेही ध्यानात ठेवावे. शालेय मुलांबाबत २०२०च्या केंद्रीय दप्तर धोरणाने दप्तराचे वजन मुलाच्या वजनाच्या दहा टक्क्यांहून अधिक नसावे, असे सांगितले आहे. मोठ्यांसाठी असे बंधन नाही. पण गुडघे दुखू लागलेल्या माणसाने ते स्वतःहून पाळण्यास हरकत नाही.

दुकानात रिकामी सॅक पाठीला लावून आरशात पाहणे व्यर्थ आहे. रिकामी कोणतीही सॅक हलकीच वाटते. ए-फोर कागदाच्या साध्या रिमचे वजन सुमारे दोन किलो तीनशे ग्रॅम असते. अशा दोन रिम आत टाकून दुकानातच पाच-दहा मिनिटे चालावे. पट्टा मानेकडे सरकतो का, सॅक पाठीपासून मागे ओढली जाते का, तिचा तळ कमरेखाली लोंबतो का, हे तेव्हा कळते. छातीवरचा आडवा पट्टा असल्यास खांद्याचे पट्टे घसरत नाहीत. लांब चालायचे असेल तर कमरेचा पट्टाही उपयोगी पडतो, कारण तो काही भार खांद्यांवरून कमरेवर घेतो. जड वस्तू नेहमी पाठीलगत ठेवावी.

कापडावर ६०० डी, १००० डी असे आकडे छापलेले असतात. डी म्हणजे डेनियर : नऊ हजार मीटर धाग्याचे ग्रॅममधील वजन. आकडा मोठा तितका धागा जाड, आणि सहसा सॅकही जड. आकड्यांपेक्षा शिवण महत्त्वाची. खांद्याचा पट्टा जिथे जोडलेला असतो तिथे दुहेरी-तिहेरी टाके आहेत का, हे हाताने ओढून पाहावे. सॅक प्रथम तिथेच फाटते. बीड हा कमी पावसाचा जिल्हा. पूर्णतः जलरोधक सॅकला जास्त पैसे देण्यापेक्षा साधे रेनकव्हर पुरे. आपल्याकडे खरा शत्रू धूळ आहे. धुळीने चेन अडकते, मग जोर लावला की तिचे दात सुटतात. चेनवर कापडाची झालर असलेली सॅक बरी, आणि अधूनमधून चेन ब्रशने झाडून तिच्यावर पॅराफिनची मेणबत्ती घासावी. मधमाशीच्या मेणाची गरज नाही.

यापुढचा मुद्दा बहुतेक खरेदीत निसटतो. सॅक कापडी आहे म्हणून ती चामडेविरहित आहे असे नव्हे. कॅनव्हासच्या सॅकला तळाशी, मुठीला, चेनच्या टोकाला किंवा नाममुद्रेच्या पट्टीला खरे चामडे लावतात आणि ‘जेन्युइन लेदर’ हा गुण म्हणून मिरवतात. समोर दोन चिरा असलेला जो शंकरपाळीसारखा तुकडा शिवलेला दिसतो, तोही काही सॅकवर सुएडचा असतो. आणि सुएड म्हणजे चामडेच. पीयू व रेग्झिन कृत्रिम असतात. लेबल वाचावे, दुकानदारास स्पष्ट विचारावे आणि उत्तर मोघम आले तर ती सॅक परत ठेवावी. शत्रुंजयाच्या पायथ्याशी पोहोचल्यावर हे लक्षात येण्यात अर्थ नाही.

यात्रेचा विषय निघाला म्हणून. बीडकरांना जवळचे कुंथलगिरी आहे. देशभूषण-कुलभूषण मुनींचे हे निर्वाणक्षेत्र. आचार्य शांतिसागर महाराजांनी १९५५ मध्ये येथेच सल्लेखनापूर्वक देह ठेवला. तिथला डोंगर लहान आहे, सॅकची परीक्षा तिथे होत नाही. ती होते शिखरजीला : नऊ किलोमीटर चढ, नऊ किलोमीटर टोंकांची वंदना, नऊ किलोमीटर उतार. कित्येक जण हे सत्तावीस किलोमीटर अनवाणी चालतात. मोठे सामान मधुबनच्या धर्मशाळेत ठेवून पाणी, शाल आणि बॅटरी एवढेच बरोबर घ्यावे. आवळपट्ट्यांचे महत्त्व तिथे पटते.

चातुर्मास संपला की साधू-साध्वींचे विहार सुरू होतात आणि आपले युवक विहारसेवेत चालू लागतात. गेवराई, बीड, चौसाळा ही गावे धुळे-सोलापूर महामार्गावर आहेत. त्यावरून मालवाहू गाड्या रात्रंदिवस धावतात. महामार्गांवर पायी विहार करणाऱ्यांचे अपघाती मृत्यू समाजाने वारंवार पाहिले आहेत. पहाटेच्या अंधुक प्रकाशात काळी सॅक पाठीवर घेतलेला माणूस मागून येणाऱ्या चालकास दिसतच नाही. काळा रंग मळखाऊ म्हणून घरोघरी पसंत केला जातो. विहारसेवेसाठी मात्र पिवळी किंवा नारिंगी सॅक घ्यावी. घरात काळीच असेल, तर तिच्या पाठीमागे आणि दोन्ही पट्ट्यांवर प्रकाश परावर्तित करणारी पट्टी शिवून घ्यावी. कोपऱ्यावरचा चेन बदलून देणारा कारागीरही हे काम करून देतो. पट्टी चिकटवण्यापेक्षा शिवलेली बरी, घामाने आणि धुळीने चिकटवलेली लवकर सुटते.