गोव्याचे चाळीस आणि धुळ्याचे पाच

१८ जुलै २०२२ रोजी पर्वरी येथील विधानसभा संकुलात गोव्याच्या आमदारांनी राष्ट्रपतिपदासाठी मतदान केले आणि २१ तारखेस दिल्लीत मोजणी होऊन असे जाहीर झाले, की गोव्याच्या चाळीस मतांपैकी २८ मते द्रौपदी मुर्मू यांना व १२ मते यशवंत सिन्हा यांना पडली. मात्र निकालपत्रात त्या २८ मतांपुढे ५६० हा आकडा होता आणि १२ मतांपुढे २४०. तर महाराष्ट्राच्या ओळीत मुर्मू यांच्या १८१ मतांपुढे ३१,६७५ आणि सिन्हा यांच्या ९८ मतांपुढे १७,१५० असे भरभक्कम आकडे मांडलेले होते. असे दोन आकडे शेजारी शेजारी वाचले म्हणजे आमच्या खानदेशी माणसाच्या तोंडून ‘त्या गोवाले कोन इचारस?’ असा उद्गार निघावा, हे स्वाभाविकच आहे. परंतु या उद्गाराच्या पोटात एक नव्हे तर अनेक गैरसमज दडलेले आहेत, आणि ते शिरपूरच्या मतदाराने समजून घेण्यासारखे आहेत. कारण गोव्याच्या हिशेबात जो न्याय लागू झाला तोच त्याच्या स्वतःच्या आमदाराच्या हिशेबातही लागू झालेला आहे.

पहिला गैरसमज असा, की या निवडणुकीत ‘राज्य’ मत देते. ‘गोवा मुर्मूंच्या बाजूने गेला’, ‘केरळ सिन्हांच्या बाजूने गेला’ अशी भाषा वृत्तपत्रे वापरतात. पण ही भाषा अमेरिकेची आहे, आपल्या संविधानाची नव्हे. अमेरिकेत मेन व नेब्रास्का ही दोन राज्ये सोडली तर एखाद्या राज्यात ज्याला सर्वाधिक मते पडतात त्याच्या पदरात त्या राज्याचे सारेच निर्वाचक जातात, म्हणून तेथे राज्य कोणाच्या बाजूने गेले हा प्रश्न अर्थपूर्ण ठरतो. १९३६ साली रूझवेल्ट यांच्या विरोधात केवळ मेन आणि व्हरमाँट ही दोन चिमुकली राज्ये उभी राहिली आणि त्यांचे प्रतिस्पर्धी लँडन यांना एकूण आठच निर्वाचक मिळाले, ही हकीकत तेथे अजूनही सांगितली जाते. आपल्याकडे संविधानाच्या ५४ व्या अनुच्छेदाने निर्वाचकगण ठरविला आहे तो व्यक्तींचा: संसदेच्या दोन्ही सभागृहांचे निर्वाचित सदस्य आणि राज्यांच्या विधानसभांचे निर्वाचित सदस्य. गोव्यातील २८ मते एकीकडे व १२ दुसरीकडे गेली ती तशीच मोजली गेली. बाराचे चाळिसांत विसर्जन झाले नाही. सिक्कीमच्या ३२ ही आमदारांनी मुर्मू यांना मत दिले आणि सिन्हांच्या रकान्यात त्या राज्यापुढे शून्य राहिले, हा ३२ व्यक्तींच्या एकमताचा परिणाम होता. आणि केरळात १३९ मते सिन्हांना पडली असताना मुर्मू यांना पडलेले एक मत वाया न जाता त्यांच्या बेरजेत रीतसर जमा झाले.

दुसरा गैरसमज अधिक खोल आहे आणि त्याला थोडे सावकाश उलगडले पाहिजे. गोव्याच्या आमदाराच्या मताचे मूल्य २० आणि महाराष्ट्राच्या आमदाराच्या मताचे मूल्य १७५, हे ऐकताच लहान राज्याची ही उघड उपेक्षा आहे असे वाटते. आता हा आकडा निघतो कसा ते पाहा. १९७१ च्या जनगणनेत गोव्याची लोकसंख्या ७,९५,१२० होती. तिला विधानसभेच्या निर्वाचित सदस्यांच्या संख्येने, म्हणजे ४० ने भागले असता १९,८७८ येतात. त्यास पुन्हा एक हजाराने भागले की १९ पूर्ण आणि वर ८७८ उरतात, आणि बाकी पाचशेहून कमी नसेल तर एक मिळवावा असा दंडक असल्यामुळे मूल्य २० ठरते. महाराष्ट्राची त्याच जनगणनेतील लोकसंख्या ५,०४,१२,२३५; तिला २८८ ने भागले तर १,७५,०४२ येतात, हजाराने भागून १७५ उरतात आणि वरचे ४२ सोडून द्यावे लागतात. अर्थात महाराष्ट्राचा आमदार १७५ आहे तो त्याच्यामागे सुमारे पावणेदोन लाख माणसे आहेत म्हणून, आणि गोव्याचा आमदार २० आहे तो त्याच्यामागे सुमारे वीस हजार आहेत म्हणून. मताचे वजन आमदाराचे नसून त्याच्यामागच्या खानेसुमारीचे आहे. जुन्या महसुली दफ्तरात ज्याप्रमाणे गावाचा आकार त्याच्या जमिनीवर ठरत असे, गावच्या पाटलाच्या रुबाबावर नव्हे, त्याच जातीचा हा हिशेब आहे.

या हिशेबाचा एक परिणाम मात्र चमत्कारिक दिसतो. धुळे जिल्ह्यात आज विधानसभेचे पाच मतदारसंघ आहेत: साक्री, धुळे ग्रामीण, धुळे शहर, शिंदखेडा आणि शिरपूर. या पाच आमदारांच्या मतांचे मूल्य ८७५ होते. आणि मांडवीपासून जुवारीपर्यंतच काय, पेडण्यापासून काणकोणापर्यंतच्या अवघ्या गोव्याच्या चाळीस आमदारांचे मिळून ८००. जळगावचे अकरा व नंदुरबारचे चार यांची भर घातली तर खानदेशाचे वीस आमदार ३,५०० भरतात, म्हणजे गोव्याच्या विधानसभेच्या चौपटीहूनही अधिक. हे वाचून कोणी मिशीला पीळ देईल, तर त्याने पुढची ओळही वाचावी.

ती ओळ खासदारांची आहे. सर्व राज्यांच्या आमदारांच्या मतमूल्यांची जी बेरीज येते तिला संसदेच्या निर्वाचित सदस्यांच्या संख्येने भागून खासदाराच्या मताचे मूल्य ठरते, जेणेकरून राज्ये एका पारड्यात आणि संसद दुसऱ्या पारड्यात जवळजवळ समतोल राहावीत. २०२२ साली आमदारांची बेरीज ५,४३,२३१ होती, निर्वाचित खासदारांच्या जागा ७७६, म्हणून मूल्य ७०० आले. त्यापूर्वी २०१७ साली ते ७०८ होते, आणि ही घट झाली ती जम्मू-काश्मीरला त्या वेळी विधानसभाच उरली नव्हती म्हणून. आता गोव्याचे लोकसभेत दोन आणि राज्यसभेत एक असे तीन खासदार आहेत. त्यांचे मूल्य २,१००. म्हणजे जे तिघे दिल्लीत बसतात त्यांचे वजन पर्वरीतील चाळिसांच्या अडीचपटीहून अधिक! सिक्कीमचे तर दोनच खासदार. त्यांचे १,४०० आणि विधानसभेचे अवघे २२४. महाराष्ट्राचे ६७ खासदार ४६,९०० भरतात, विधानसभेच्या ५०,४०० पेक्षा कमी. दोन्ही बेरजा केल्या तर विधानसभांच्या हिशेबात गोव्याच्या ६३ पट असलेला महाराष्ट्र एकूण हिशेबात ९७,३०० विरुद्ध २,९००, म्हणजे सुमारे साडेतेहतीस पटीवर उतरतो. लहान राज्यावर अन्याय होतो म्हणणाऱ्यांनी हे आकडे पाहिलेले नसतात. माझ्या मते तर संविधानाने लहान राज्यांना चोरपावलांनी थोडे झुकते मापच दिले आहे. खासदारांची मते राज्याच्या ओळीत न दाखविता संसदेच्या एकाच ओळीत दाखविली जातात, म्हणून हे माप डोळ्यांत भरत नाही इतकेच.

१९७१ ची शिळी लोकसंख्या अद्याप का चालते, असेही विचारले जाते. ज्या राज्यांनी कुटुंबनियोजनाचा कार्यक्रम निष्ठेने राबविला त्यांचे राजकीय वजन त्यापायी घटू नये, या हेतूने १९७६ च्या ४२ व्या घटनादुरुस्तीने हा आकडा गोठविला आणि ८४ व्या दुरुस्तीने २०२६ नंतरच्या पहिल्या जनगणनेचे आकडे प्रसिद्ध होईपर्यंत ती मुदत लांबविली. २०११ ची लोकसंख्या धरली असती तर महाराष्ट्राच्या आमदाराचे मूल्य ३९० आणि गोव्याच्या आमदाराचे ३६ झाले असते. म्हणजे आज नऊपटीच्या आतले अंतर जवळजवळ अकरापटीवर गेले असते.

गोव्याला हे मत तरी केव्हा मिळाले, हेही पुष्कळांस ठाऊक नसते. १९६१ च्या डिसेंबरात गोवा मुक्त झाला, १९६३ साली त्याची पहिली विधानसभा निवडली गेली, भाऊसाहेब बांदोडकर मुख्यमंत्री झाले. परंतु गोवा संघराज्य क्षेत्र असल्यामुळे त्याच्या आमदारांना निर्वाचकगणात स्थान नव्हते. ३० मे १९८७ रोजी घटक राज्याचा दर्जा मिळाला तेव्हा हे दार उघडले. दिल्ली व पुदुच्चेरी या क्षेत्रांच्या आमदारांसाठी तर १९९२ साली ७० वी घटनादुरुस्ती करावी लागली.

आता खुद्द शिरपुराकडे येऊ. ‘आमदार तो आमदार’ हा येथील लोकांचा सरळ समज. परंतु या निवडणुकीत विधान परिषदेच्या सदस्याला मत नाही. २००४ साली शिरपुरातून विधानसभेवर निवडून आलेले अमरीशभाई पटेल २००७ च्या राष्ट्रपतिपदाच्या निवडणुकीत मतदार होते. २००९ पासून हा मतदारसंघ अनुसूचित जमातींसाठी राखीव झाला, काशीराम पावरा येथून निवडून येऊ लागले, आणि पटेल धुळे-नंदुरबार स्थानिक स्वराज्य संस्थांच्या मतदारसंघातून विधान परिषदेत गेले. म्हणून २०२२ साली ज्यांचा शब्द या तालुक्यात सर्वांत वजनदार मानला जातो त्यांच्या मताचे मूल्य शून्य, आणि पावरा यांच्या मताचे १७५ असा दाखला कायद्याने लिहून ठेवला होता. यात कोणाचा अपमान नाही. विधान परिषद मोजक्याच राज्यांत आहे, आणि तिला मत दिले असते तर ज्या राज्यांत ती नाही त्यांच्यावर अन्याय झाला असता. नामनियुक्त सदस्यांसही हाच नियम लागतो: २००२ साली लता मंगेशकर राज्यसभेच्या सदस्या असूनही राष्ट्रपतिपदासाठी मत देऊ शकत नव्हत्या. शिरपूर हे लोकसभेसाठी नंदुरबार मतदारसंघात मोडते, तेव्हा येथील मतदाराच्या वतीने एक १७५ चे आणि एक ७०० चे अशी दोन मते पडतात. शिरपुरात निवडलेला आमदार तिकडे मुंबईच्या विधान भवनात मत टाकतो. पेटी मग दिल्लीस जाते, आणि तीही विमानात अधिकाऱ्याच्या शेजारच्या आसनावर. २०२२ साली तिचे तिकीट ‘मिस्टर बॅलट बॉक्स’ या नावाने काढले होते! सरकारी दफ्तराला विनोदबुद्धी नसते म्हणणाऱ्यांनी याची नोंद घ्यावी.

पक्षाने आदेश काढला की आमदाराला तो पाळावाच लागतो, हा समज तर सुशिक्षितांतही आढळतो. या मतदानाला पक्षादेश लागू नाही. मतदान गुप्त आहे आणि पक्षाविरुद्ध मत दिल्याने पक्षांतरबंदीखाली सदस्यत्व जात नाही. गोव्यात सत्तारूढ भाजप व त्याचे समर्थक मिळून २५ होते आणि मुर्मू यांना २८ मते पडली; तीन मते विरोधकांच्या १५ मधून आली हे गणित सांगते, परंतु ती कोणाची हे गणित सांगू शकत नाही. त्याच वर्षी सप्टेंबरात काँग्रेसच्या अकरापैकी आठ आमदारांनी भाजपमध्ये प्रवेश केला म्हणून जुलैतील मते त्यांचीच होती, असा तर्क कोणी केला तर तो तर्कच राहतो. २००७ साली जळगाव जिल्ह्याच्या कन्या प्रतिभाताई पाटील उभ्या राहिल्या तेव्हा राष्ट्रीय लोकशाही आघाडीत असलेल्या शिवसेनेने मराठी उमेदवार म्हणून त्यांना उघड पाठिंबा दिला आणि आघाडीचा पाठिंबा असलेले शेखावत पराभूत झाले. प्रतिभाताईंना ६,३८,११६ मते पडली असे आपल्याकडे अभिमानाने सांगितले जाते. ते मूल्य होते. प्रत्यक्ष मतपत्रिका २,९३१ होत्या, ४४२ खासदारांच्या आणि २,४८९ आमदारांच्या.

अधिक मते तो विजयी, हेही येथे पुरेसे नाही. वैध मतमूल्याच्या निम्म्याहून अधिक मूल्य लागते. १९६९ साली पहिल्या मोजणीत व्ही. व्ही. गिरी यांना ४,०१,५१५ आणि नीलम संजीव रेड्डी यांना ३,१३,५४८ मूल्य मिळूनही कोणीच ४,१८,१६९ हा कोटा गाठू शकले नाही. तिसऱ्या स्थानावर आपले चिंतामणराव देशमुख होते, १,१२,७६९ मूल्याचे धनी. ते आणि इतर मागे पडलेले उमेदवार बाद होत गेले, त्यांच्या मतपत्रिकांवरील पुढचे पसंतिक्रम मोजले गेले, आणि गिरी ४,२०,०७७ विरुद्ध ४,०५,४२७ असे जेमतेम निवडून आले. देशमुखांच्या मतदारांपैकी बहुतेकांनी दुसरी पसंती रेड्डींना दिली होती हे या आकड्यांवरून उघड दिसते. तरी ती पुरली नाही.

पसंतिक्रम हा अंकातच लिहावा लागतो. देवनागरी ‘१’ चालतो, ‘एक’ असे अक्षरी लिहिलेले चालत नाही. त्यासाठी निवडणूक आयोग स्वतःची जांभळ्या शाईची लेखणी देतो, खासदाराला हिरवी व आमदाराला गुलाबी मतपत्रिका मिळते. इतकी तजवीज असूनही २०२२ साली ५३ मते बाद झाली आणि त्यांत १५ खासदारांची होती. कायदे करणाऱ्यांना एक अंक नीट लिहिता येऊ नये, यावर निराळे भाष्य नको.

द्रौपदी मुर्मू यांनी २५ जुलै २०२२ रोजी शपथ घेतली. त्यांची मुदत जुलै २०२७ मध्ये संपते. २० नोव्हेंबर २०२४ रोजी शिरपूरच्या मतदाराने विधानसभेवर ज्यांना पाठविले ते पदावर असतील, तर पुढच्या निवडणुकीतील शिरपूरची गुलाबी मतपत्रिका त्यांच्याच हाती पडणार आहे.