लघुकर्ज : भांडवल आणि भार

बांगला देशातील चितगाव विद्यापीठाच्या लगत जोब्रा नावाचे खेडे आहे. १९७६ साली तेथे बांबूची स्टुले विणणाऱ्या एका स्त्रीच्या पदरी दिवसभराच्या श्रमानंतर अवघे पन्नास पैसे पडत असत. बांबूकरिता लागणारे पाच टका तिच्यापाशी नसत. ते व्यापारी देई, आणि त्या बदल्यात तयार माल त्यालाच, त्याने ठरविलेल्या भावाने द्यावा लागे. विद्यापीठातील अर्थशास्त्राचे प्राध्यापक महंमद युनूस यांनी अशा रीतीने अडकलेल्या ग्रामस्थांची यादी करविली. नावे ४२ झाली, आणि त्या सर्वांना मिळून लागणारी रक्कम ८५६ टका भरली. एवढ्या क्षुल्लक रकमेपायी ४२ जणांचे कसब परस्वाधीन झाले होते! युनूस यांनी ती रक्कम स्वतःच्या खिशातून दिली.

तारणावाचून कर्ज देण्यास बँका तयार नव्हत्या. त्यातूनच पुढे १९८३ साली स्वतंत्र कायद्यान्वये ग्रामीण बँक अस्तित्वात आली. पाच जणांचा गट, तारणाऐवजी परस्परांचा भरवसा, दर आठवड्याला लहानसा हप्ता आणि कर्जदारांत बहुसंख्य स्त्रिया, अशी तिची रीत होती. २००६ सालचे शांततेचे नोबेल पारितोषिक युनूस व ही बँक यांना विभागून देण्यात आले.

भारतात या विचाराचे बीज त्याआधीच रुजले होते. अहमदाबादेत ‘सेवा’ संघटनेच्या श्रमिक स्त्रियांनी १९७४ मध्येच स्वतःची सहकारी बँक उभारली. १९९२ पासून नाबार्डने बचत गटांना बँकांशी जोडण्याची योजना हाती घेतली. बचत गटात दहा ते वीस सभासद आधी आपली बचत साठवितात, तीतून आपसांत कर्ज देतात आणि हिशेबाची शिस्त अंगी बाणल्यावर बँकेकडे जातात. लघुवित्त कंपनी मात्र बाहेरचा पैसा दारी आणते. हा भेद वरवर किरकोळ वाटला तरी तसा नाही.

त्याचा प्रत्यय २०१० साली आंध्र प्रदेशात आला. एकाच घराला अनेक कंपन्यांनी कर्जे दिली. पहिले फेडण्यासाठी दुसरे काढले जाऊ लागले. वसुलीच्या जाचाच्या आणि आत्महत्यांच्या बातम्या आल्यावर राज्य शासनाने त्या वर्षी ऑक्टोबरमध्ये वटहुकूम काढला, आणि परतफेड जवळजवळ थांबली.

कर्जाने दारिद्र्य खरोखर हटते काय, हा प्रश्न हैदराबाद शहरातील वस्त्यांमध्ये अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो व त्यांच्या सहकाऱ्यांनी तपासून पाहिला. २०१५ साली प्रसिद्ध झालेला त्यांचा निष्कर्ष उत्साहावर विरजण घालणारा होता. ज्यांचा धंदा आधीपासून होता त्यांनी तो काहीसा वाढविला; परंतु सर्वसाधारण कुटुंबाचा उपभोग वाढला नाही, आणि आरोग्य वा मुलांचे शिक्षण यांतही ठळक फरक दिसला नाही. हे नवल नव्हे. ज्याच्या हाती कसब आहे आणि मालाला गिऱ्हाईक आहे, त्याची भांडवलावाचून होणारी अडचण कर्जाने दूर होते. गिऱ्हाईक मात्र कर्जाने निर्माण होत नाही. घरातील आजारपणासाठी काढलेल्या पैशाचा हप्ता तर शेवटी मजुरीतूनच जातो.

कर्ज घेणाऱ्याने व्याजाचा हिशेबही उमजून घ्यावयास हवा. दहा हजार रुपयांवर ‘सरळ बारा टक्के’ व्याज सांगून वर्षभरात बारा समान हप्त्यांत ११,२०० रुपये वसूल केले, तर मुद्दल दरमहा घटत जात असल्याने खरा दर बारा नव्हे, एकवीस टक्क्यांच्या वर पडतो.

रिझर्व्ह बँकेने २०२२ साली लागू केलेल्या नियमांनुसार, वार्षिक उत्पन्न तीन लाख रुपयांपर्यंत असलेल्या कुटुंबाला दिलेले विनातारण कर्ज हे लघुवित्त कर्ज होय. अशा कुटुंबाच्या सर्व कर्जांचे हप्ते मिळून मासिक उत्पन्नाच्या निम्म्याहून अधिक होता कामा नयेत. व्याज व अन्य आकार दर्शविणारा तक्ता कर्जदाराला समजेल अशा भाषेत देणे बंधनकारक आहे. मुदतीपूर्वी फेड केल्यास दंड घेता येत नाही. शिवीगाळ वा धाकदपटशाने वसुली करण्यास मनाई असून वसुलीचे ठिकाण उभयतांनी ठरवावयाचे असते. हा तक्ता सही वा अंगठा करण्यापूर्वी गावातील शिक्षकाकडून किंवा ग्रामसेवकाकडून वाचून घेता येतो.