मोथा ओळखा, त्याची जागाही तपासा

पावसाळा लागला की कन्हान नदीच्या काठी, नालीच्या कडेला, ओल धरणाऱ्या जागी मोथा उगवतो. दिसतो गवतासारखा, पण दांडी बोटांत फिरवून बघा, तीन धारा लागतात. जमिनीखाली काळपट, वासाच्या गाठी एकीला एक जोडलेल्या असतात. ऊन आणि ओल मिळाली की तो झपाट्याने पसरतो, दाट सावलीत खुरटतो.

आयुर्वेदात याला मुस्ता म्हणतात. ताप, अपचन, हगवण यांवर तो देतात. लेकराला हगवण लागली की गाठ उगाळून चाटवणारी घरे आजही आहेत. पण ती गाठ कुठली, हे आधी विचारा.

मोथा पाण्यामातीतले जड धातू मुळांतून ओढून घेतो. बिना संगमावर कोलार आणि पेंच या नद्या कन्हानला मिळतात. जुलै २०२२ मध्ये कोराडी वीज केंद्राचा खसाळा येथील राख बंधारा फुटला आणि राख कोलारमार्गे कन्हान नदीत गेली. कोळशाच्या राखेत शिसे, आर्सेनिक यांसारखे घातक घटक असतात. गाठ धुतली तर माती जाते, उकळली तर जंतू मरतात. आत मुरलेला धातू जात नाही. म्हणून नदीकाठचा, नालीकाठचा मोथा लेकरांना देऊ नका. हौस असेल तर जुन्या बादलीत स्वच्छ माती भरून उन्हात लावा.

आणि हगवणीत जीव जातो तो अंगातले पाणी आणि क्षार संपल्याने. त्यावर पहिला उपाय ओआरएस. एक लिटरचे पाकीट एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात मिसळा, घोट घोट पाजा. पाकीट नसेल तर एक लिटर पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ, चमचा चहाचा. अंगावरचे दूध थांबवू नका. आशाताईंकडून झिंकच्या गोळ्या घ्या, त्या १४ दिवस द्यायच्या असतात. डोळे खोल गेले, लेकरू सुस्त पडले, पाणी पीत नाही, लघवी होत नाही किंवा शौचात रक्त दिसले, तर तडक दवाखाना गाठा.

तथागतांनी दुःखाचे कारण शोधायला शिकवले. हगवणीचे कारण बहुधा दूषित पाणी असते. १९२७ साली महाडला बाबासाहेबांनी पाण्याचा हक्क बजावला. आज वस्तीतल्या नळाचे पाणी तपासून द्या, अशी मागणी सर्वांनी मिळून नगर परिषदेकडे करणे, हे त्याच वाटेवरचे पाऊल आहे.

जय भीम!