एसटी थांबते, ती कुणासाठी?

"थो हॉर्न वाजोते नं, थो माह्यासाठीच," ती ठासून सांगत होती. मोताळा तालुक्यातली, तिशी ओलांडलेली बाई. सकाळच्या एसटीचा ड्रायव्हर फाट्यावर दोनदा हॉर्न द्यायचा. पहिला म्हणजे 'आलो', दुसरा म्हणजे 'तयार राहा'. ड्रायव्हरला तिचं नावही ठाऊक नव्हतं. शिवाय रात्री त्याचा आवाजही तिला ऐकू यायचा.

मी बुलढाण्यात मनोरुग्णांच्या घरच्यांशी बोलण्याचं काम करते. क्लेरांबो या फ्रेंच डॉक्टरांनी १९२१च्या सुमारास अशाच एका बाईची हकिकत लिहिली. इंग्लंडचा राजा, पाचवा जॉर्ज, आपल्यावर प्रेम करतो अशी तिची खात्री होती; बकिंगहॅम राजवाड्याचा पडदा हलला की तिला निरोप पोचायचा. मोताळ्याच्या बाईला होता तो स्किझोफ्रेनिया; त्यात मेंदू साध्या योगायोगांनाही नको तेवढा अर्थ चिकटवतो. मात्र प्रियकर ज्याच्या-त्याच्या जगातलाच सापडतो. आमच्याकडे कधी तलाठी, कधी कीर्तनकार. हल्ली कुणाचंही व्हॉट्सॲप स्टेटस पुरतं.

घरच्यांचं वागणंही गावच ठरवतं. ती 'भुतानं धरलं' म्हणाली असती, तर आठवड्यात सैलानीला नेली असती. पिंपळगाव सराईजवळच्या त्या दर्ग्यावर आजारी माणूस न्यायला कुणी लाजत नाही. पण तिनं पुरुषाचं नाव घेतलं. भावानं आधी ड्रायव्हरची कॉलर धरली, मग हिचा मोबाइल फोडला आणि हिला खोलीत कोंडलं. 'लफडं' म्हटलं की डॉक्टर कुणाला आठवतो? आजाराची सगळ्यात मोलाची वर्षं अशी अब्रू झाकण्यात जातात.

मुलाच्या बाबतीत उलटं. शेतकऱ्याच्या पोराला मुलगी मिळत नाही, हे दुखणं घरोघरी आहे. त्यामुळे एका मुलानं 'बँकेतली मॅडम मला हो म्हणाली' असं सांगितल्यावर आईनं हिरवी साडी आणून ठेवली. ती मॅडम बदलून गेली होती, तरी त्याला तिचे निरोप येतच होते. 'लगन करून टाका, सुधरते' असं सांगणारेही भेटले. लग्नानं हा आजार बरा होत नाही. फक्त आणखी एक घर त्यात ओढलं जातं.

गोळ्यांनी आवाज बहुधा आधी ओसरतात, खात्री सावकाश सैल होते. तोवर वाद घालू नये, होकारही देऊ नये. झोप, जेवण, गोळी बघावी. हे ऐकून त्या आईनं विचारलं, "मंग त्याच्याजोळ रायते काय?" मी तिला म्हटलं, आधी साडी दुकानात परत कर, आणि रात्री-अपरात्री काही झालं तर १४४१६ला फोन लाव. टेली-मानसचा तो नंबर मोफत आहे.