पडलेल्याला आधी उचलायचं

17 मार्च 2007, शनिवार. बेंगळुरूच्या पॅलेस ग्राउंड्सवर आयर्न मेडन हा ब्रिटिश बँड भारतात पहिल्यांदाच वाजवत होता आणि पहिल्या गाण्याच्या पहिल्या मिनिटातच माझा चष्मा गेला. मागून आलेल्या लोंढ्याने मला आधी पुढे, मग डावीकडे नेलं, पायाखाली कुणाचा तरी बूट आला आणि मी गुडघ्यांवर आपटले. खाली धूळ आणि चहूकडे पायच पाय. घाबरायलाही वेळ मिळाला नाही. दोन हातांनी काखेत धरून मला वर ओढलं, तिसऱ्याने पाठीवर थाप मारून ‘ओके?’ म्हणून विचारलं आणि आजूबाजूच्या सात-आठ जणांनी गर्दीकडे पाठ करून माझ्याभोवती कडं केलं. त्यांच्यातल्या एका उंच मुलाने हात वर धरला होता. त्या हातात माझा चष्मा होता. डावी काडी वाकलेली, काचा शाबूत. मी तो घेईपर्यंत त्याने हात खाली केला नाही. मग कडं सुटलं आणि तो मुलगा गर्दीत दिसेनासा झाला.

मुंबईहून निघताना आईने विचारलं होतं, ‘‘अगं, तिथे लोक एकमेकांना ढकलतात म्हणे?’’ दादा माझ्याबरोबर होता, म्हणून तिने जाऊ दिलं. उद्यान एक्स्प्रेसमध्ये पुण्याला आणि सोलापूरला काळे टी-शर्ट चढत गेले आणि रात्रीपर्यंत आमचा डबा अनोळखी माणसांनी भरलेलं ओळखीचं घर झाला. आईला परत आल्यावर मी खरं ते सांगितलं. ढकलतात. आणि पडलं की उचलतात.

रंगमंचासमोर जिथे ही ढकलाढकली चालते त्या जागेला ‘पिट’ म्हणतात, ढकलण्याला ‘मॉश’. बाहेरून पाहणाऱ्याला ती मारामारी वाटते. प्रत्यक्षात तिथे कुणी कुणाला मारायला आलेलं नसतं. खांद्याने खांदा, छातीने छाती आपटायची, उसळून परत यायचं. नियम कुठे लिहिलेले नाहीत, पण पहिल्याच कार्यक्रमात ते अंगात भिनतात. कोपर वर काढायचं नाही. ज्याला नको आहे त्याला ओढायचं नाही. बुटाची नाडी सुटली, तर त्या माणसाभोवती उभं राहायचं. सापडलेली वस्तू डोक्यावर धरायची, ज्याची असेल तो येतो. आणि सगळ्यांत पहिला नियम, पडलेल्याला आधी उचलायचं.

अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठातल्या भौतिकशास्त्रज्ञांनी या पिटचा अभ्यास केला आणि 2013 साली तो ‘फिजिकल रिव्ह्यू लेटर्स’ या नामांकित नियतकालिकात छापून आला. कार्यक्रमांच्या चित्रफितींमधून त्यांनी माणसांचे वेग मोजले. ते वेग बंद भांड्यातल्या वायूच्या रेणूंसारखे विखुरलेले निघाले, म्हणजे संपूर्ण गोंधळ, पण गणितात बसणारा. पिटचा दुसरा प्रकार ‘सर्कल पिट’, त्यात लोक गोल धावतात. हे गोल बहुतेक वेळा घड्याळाच्या उलट दिशेने फिरतात असं त्यांना दिसलं. मी हे वाचलं तेव्हा डोळ्यांसमोर देवळातली प्रदक्षिणा आली. तिथे आपण सगळे देवाला उजव्या हाताला ठेवून जातो ते लहानपणी कुणीतरी बोट धरून शिकवलेलं असतं. इथे शिकवायला कुणी नाही, तरी हजार माणसं एकाच दिशेला वळतात.

माझी सुरुवात बेंगळुरूत झाली नाही. ती झाली धोबीतलावच्या रंगभवनात. डोंबिवलीहून दादाबरोबर लोकलने सीएसटी आणि तिथून चालत. झेवियर्स कॉलेजच्या शेजारचं हे उघडं नाट्यगृह म्हणजे त्या काळी मुंबईतल्या रॉकचं घर. फरहाद वाडिया यांनी 1986मध्ये ‘इंडिपेंडन्स रॉक’ हा महोत्सव सुरू केला. आम्ही सगळे त्याला ‘आय-रॉक’ म्हणायचो. पुढे इंडस क्रीड म्हणून ओळखला गेलेला रॉक मशीन, पेंटाग्रॅम, दिल्लीचा परिक्रमा हे बँड ज्यांनी ऐकले, त्यांच्या तोंडी आय-रॉकचं नाव येतंच. कॉलेजच्या मुलांना परवडेल असं तिकीट, डोक्यावर आभाळ आणि समोर आपल्याच शहरातली, आपल्याच वयाची मुलं वाजवताहेत. गिटार शिकणाऱ्या कितीतरी मुलांना त्या व्यासपीठावर उभं राहायची आस होती.

रंगभवन गप्प झालं ते आवाजामुळे. केंद्र सरकारचे ध्वनिप्रदूषण नियम 2000 साली आले. रुग्णालय, शाळा-कॉलेज आणि न्यायालय यांच्याभोवतीचा 100 मीटरचा पट्टा शांतता क्षेत्र ठरला आणि रात्री दहानंतर उघड्यावर ध्वनिक्षेपकाला मनाई झाली. रंगभवनाच्या एका अंगाला कॉलेज, हाकेच्या अंतरावर कामा आणि जीटी रुग्णालयं. मला त्या नियमाबद्दल तक्रार करता येत नाही. रुग्णालयातल्या माणसाची झोप माझ्या संगीतापेक्षा मोठी आहे. दुःख इतकंच आहे की त्या जागेच्या बदल्यात शहराने तेवढ्याच सोयीची, तेवढीच स्वस्त दुसरी जागा दिली नाही. कार्यक्रम बांद्रा-कुर्ला संकुलाच्या मोकळ्या मैदानांवर गेले, तिकिटं मोठी झाली आणि रेल्वे स्थानकापासून चालत जाणारा विद्यार्थी मागे पडला.

त्याच बांद्रा-कुर्ला संकुलात 1 फेब्रुवारी 2008ला आयर्न मेडन पुन्हा आला. त्यांच्या जगभ्रमणाचा तो पहिलाच मुक्काम होता. माणसं आणि सामान एकाच बोइंग 757 विमानातून आलं, विमानाचं नाव ‘एड फोर्स वन’ आणि वैमानिक त्यांचाच गायक ब्रूस डिकिन्सन. हा माणूस खरोखरच प्रवासी विमानाचा कॅप्टन होता. या दौऱ्यावर पुढच्या वर्षी ‘फ्लाइट 666’ नावाचा माहितीपट आणि ध्वनिमुद्रिका निघाली. मुद्रिकेतलं एकेक गाणं एकेका शहरात मुद्रित केलेलं आहे आणि सुरुवातीचं ‘एसेस हाय’ मुंबईचं आहे. गाणं सुरू होण्याआधीचा तो गर्दीचा कल्लोळ ऐकला की आजही माझ्या अंगावर काटा येतो, कारण त्यात मी आहे, दादा आहे, आणि आमच्या पुढे उभा असलेला, दोन्ही हात आभाळाकडे करून ढसाढसा रडणारा, केस पिकलेला एक माणूस आहे. त्याने वीस-पंचवीस वर्षं वाट पाहिली असेल.

घरी एवढ्या सुरेख यंत्रावर ऐकता येत असताना उन्हात सहा तास का उभं राहायचं, असं मला विचारतात. कारण हे संगीत कानांइतकंच बरगड्यांनी ऐकायचं असतं. पुण्यात ढोल-ताशा पथकाच्या समोर ज्याने उभं राहून पाहिलं आहे, त्याला हे वेगळं सांगायला नको. ढोलाचा ठोका आधी पोटात पडतो, मग ऐकू येतो. मोठ्या कार्यक्रमात ड्रमच्या पायाखालच्या ठोक्यासाठी रंगमंचाच्या तळाशी वेगळे मोठे स्पीकर रचलेले असतात, ते तेच काम करतात. वरचा आवाज मात्र दोन्ही बाजूंना टांगलेल्या स्पीकरच्या लांब माळांतून येतो. माळ खालच्या टोकाला आत वळलेली असते, म्हणजे वरचे स्पीकर लांबच्यांसाठी आणि खालचे पुढच्यांसाठी. आवाज सेकंदाला साधारण 340 मीटर जातो, त्यामुळे 100 मीटर मागे उभ्या असलेल्या माणसाला ठोका पाव सेकंदाहून जास्त उशिरा पोहोचतो. मैदानाच्या मध्यावर जे जास्तीचे स्पीकरचे मनोरे दिसतात, त्यांना मुद्दाम तेवढाच उशीर दिलेला असतो. तसं केलं नाही, तर प्रत्येक शब्द दोनदा ऐकू येईल. सगळ्यांत नितळ आवाज कुठे मिळतो, तर ध्वनियोजक बसतो त्या मचाणापाशी. तो स्वतःच्या कानांवर विसंबून काम करतो, मग आपण त्याच्या शेजारी का उभं राहू नये? अर्धा कार्यक्रम रंगमंचासमोरच्या कठड्याला आणि अर्धा मचाणाला, अशी माझी वाटणी ठरलेली आहे.

आणि कान. याबद्दल मला कळकळीने सांगायचं आहे. पूर्वी कार्यक्रमानंतर दोन दिवस कानात किर्र वाजायचं आणि आम्ही ते अभिमानाने मिरवायचो. एकदा ते किर्र थांबलंच नाही. तीन आठवडे मी रात्री पंखा मोठा करून झोपत होते, म्हणजे ते ऐकू येणार नाही. कानाच्या डॉक्टरांनी समजावलं की आतल्या कानातल्या केसांसारख्या पेशी एकदा मेल्या की परत उगवत नाहीत. सुरक्षिततेचा हिशेब असा आहे की 85 डेसिबलला आठ तास चालतात, पुढे दर तीन डेसिबलला वेळ निम्मा होतो, म्हणजे 100 डेसिबलला फक्त पंधरा मिनिटं. जागतिक आरोग्य संघटनेने 2022मध्ये कार्यक्रमांसाठी सरासरी 100 डेसिबल ही कमाल मर्यादा सुचवली आणि सोबत प्रेक्षकांना कानातले बोळे देण्याचीही शिफारस केली. मेटालिका या बँडचा ड्रमवादक लार्स उलरिक कानातल्या या आवाजाबद्दल वर्षानुवर्षं उघडपणे बोलत आला आहे. कापूस उपयोगाचा नाही. फोमचे बोळे चालतात. त्याहून चांगले ते संगीतासाठी बनवलेले, जे आवाज सगळ्या पट्ट्यांत सारखा कमी करतात. 17 मे 2025ला महालक्ष्मीच्या रेसकोर्सवर गन्स एन’ रोझेस वाजवायला आले, तेव्हा दादाच्या मुलाला मी बरोबर नेलं. दारातच त्याच्या हातावर बोळ्यांची डबी ठेवली. ‘‘आत्या, मग ऐकू काय येणार?’’ म्हणाला. दुसऱ्या गाण्याला माझ्या कानाशी येऊन ओरडला, ‘‘बास वेगळा ऐकू येतोय!’’

गर्दीचं भय मात्र खरं आहे आणि ते मी कुणापासून लपवत नाही. 30 जून 2000ला डेन्मार्कच्या रोस्किल्ड महोत्सवात पर्ल जॅम या बँडचा कार्यक्रम चालू असताना पुढच्या भागात नऊ तरुण गेले. अशा वेळी माणसं तुडवली जाऊन मरतात असा समज आहे. पण पुष्कळदा उभ्या-उभ्याच छाती दाबली जाऊन श्वास कोंडतो. पुढे महोत्सवांनी रंगमंचासमोरची जागा कठड्यांनी कप्प्यांत विभागायला सुरुवात केली, म्हणजे मागचा सगळा भार पुढच्या रांगेवर येत नाही. 28 ऑक्टोबर 2011ला गुरगावात मेटालिकाचा कार्यक्रम रद्द झाला तोही समोरचा कठडा तुटल्यामुळे. चिडलेल्या लोकांनी रंगमंचावर चढून मोडतोड केली, त्याची मला अजूनही लाज वाटते. दोनच दिवसांनी बेंगळुरूत तोच बँड वाजला आणि मेटालिकाने भारतात वाजवलेला तो पहिला कार्यक्रम ठरला.

म्हणून नव्याने जाणाऱ्यांना माझं सांगणं आहे. पुढे उभे असाल, तर हात खाली सोडू नका, मुठी छातीसमोर धरा, म्हणजे फुप्फुसांपुरती जागा राहते. बाहेर पडायचं असेल, तर लोंढ्याच्या विरुद्ध जोर लावू नका. लाट ओसरते त्या क्षणी तिरके सरका. बूट बंद हवेत. दुपारी नीट जेवून जा. मुलींनी एकट्याने पिटमध्ये जाऊ नये, असं मी म्हणणार नाही, मी गेले आहे. पण गर्दीचा फायदा घेणारा हात तिथेही असतो. एकदा माझ्या बाबतीत तसं झालं, मी ओरडले आणि चार मुलांनी त्याला कॉलरला धरून कठड्यापलीकडच्या सुरक्षारक्षकाच्या ताब्यात दिलं. ओरडायचंच.

तर्जनी आणि करंगळी वर करून या कार्यक्रमांत लोक दाखवतात ती खूण सैतानाची समजली जाते. ती रूढ केली रॉनी जेम्स डिओ या गायकाने, आणि त्याच्या म्हणण्याप्रमाणे ती त्याच्या इटालियन आजीची होती. वाईट नजर लागू नये म्हणून आजी ती करायची. मीठ-मोहऱ्या ओवाळणाऱ्या माझ्या आजीला मी हे सांगितलं असतं, तर तिला सगळ्यात आधी पटलं असतं. 1979मध्ये गायक ओझी ऑस्बॉर्नच्या जागी डिओ ब्लॅक सबाथ या बँडमध्ये आला. ओझी दोन बोटांची शांततेची खूण करायचा, ती आपण उचलू नये म्हणून डिओने आजीची घेतली.

त्या ब्लॅक सबाथचा शेवटचा कार्यक्रम 5 जुलै 2025ला बर्मिंगहॅमच्या व्हिला पार्क मैदानावर झाला, ओझी लहानाचा मोठा झाला त्या ॲस्टन भागात. त्याच शहरात पत्र्याच्या कारखान्यात बँडचा गिटारवादक टोनी आयोमी याच्या दोन बोटांची टोकं सतराव्या वर्षी कापली गेली होती, त्याने प्लॅस्टिकची बाटली वितळवून बोटांना टोपणं केली, पुढे तारा सैल केल्या आणि मेटल संगीताचा तो जड, खालचा स्वर जगाला मिळाला. मला जाता आलं नाही. प्रक्षेपण दोन तास उशिराने होतं, म्हणून आमच्याकडे ते संध्याकाळी साडेसातला सुरू होऊन पहाटेपर्यंत चाललं. दुसऱ्या दिवशी आषाढी एकादशी. पहाटे आई बाहेरच्या खोलीत पंढरपूरची महापूजा पाहत होती आणि आत मी, कानात यंत्र घालून. पार्किन्सन्सने पाय थकवलेला ओझी काळ्या सिंहासनावर बसून गायला. उभं राहायचा प्रयत्न त्याने केला, खांदे पुढे आले, हात खुर्चीच्या दांड्यांवर दाबले गेले. समोरचं सगळं मैदान त्याच्याबरोबर गात होतं. जिथे त्याचा श्वास पुरला नाही, तिथे त्यांनी ओळ पुरी केली.

सतरा दिवसांनी, 22 जुलैला, तो गेला. दादाचा नाशिकहून फोन आला तेव्हा रात्र झाली होती. आम्ही ऐकलेली सबाथची ती पहिली कॅसेट अजून आहे का, एवढंच त्याने विचारलं. मी कपाटातून काढली, चिठ्ठीवर त्याचंच शाळेतलं अक्षर होतं. थोडा वेळ आम्ही दोघंही काही बोललो नाही. मग त्याने बेंगळुरू ओपन एअरचं विचारलं, 2012पासून चाललेला तो मेटलचा महोत्सव, ज्याला जाऊ जाऊ म्हणत आम्ही राहिलो आहोत.

‘‘पोरालाही घेऊ,’’ दादा म्हणाला. ‘‘उद्याननेच जाऊ. आणि माझ्यासाठी पण आण ते बोळे.’’