अणुपाणबुडीवरील मुलगा

घाटकोपरच्या चाळींतला मुलगा अणुशक्तीवर चालणाऱ्या पाणबुडीच्या शिक्षणाला निघाला, म्हणजे घरच्यांचेंही शिक्षण सुरू होतें. साध्या पाणबुडीला विजेचा सांठा भरून घेण्यासाठीं अधूनमधून वर येऊन हवा घ्यावी लागते. अणुभट्टीला हवा लागत नाहीं. म्हणून अशी पाणबुडी आठवडेच्या आठवडे पाण्याखालीं राहूं शकते. मुलाचा निरोप येत नाहीं तो यामुळेंच. त्याच्या निष्काळजीपणामुळें नव्हे.

२०१६ सालीं नौदलांत दाखल झालेल्या ‘अरिहंत’ची अणुभट्टी घाटकोपरपासून हाकेच्या अंतरावरील ट्रॉम्बे येथील भाभा केंद्रानें सिद्ध केली. तिची जमिनीवरील जोडभट्टी चेन्नईजवळ कल्पाक्कमला आहे. तेथें खलाशांना सराव मिळाला. बुडालेल्या पाणबुडींतून निसटण्याची कला विशाखापट्टणच्या ‘सातवाहन’ तळावर शिकवितात. आईला धाक वाटतो तो किरणांचा. परंतु भट्टीपाशीं काम करणाऱ्याच्या अंगावर मापक असतें आणि त्याची नोंद ठेवली जाते.

बापानें ‘कोठें होतास?’ असें विचारूं नये. आईचें ‘जेवतोस ना?’ बरें. घरांत दुखणें निघालें तर तें त्याला वेळेवर कळेलच असें नाहीं. तेव्हां दवाखान्याचा भार कोणी उचलावयाचा, हें तो निघण्यापूर्वींच ठरवावें. शेजारी चौकशी करतीलच. ‘नौदलांत असतो,’ एवढें उत्तर पुरे.