उपसलेला गाळ परत का येतो?

मे महिन्यात मुंबईच्या उपनगरांतून फिरताना एक दृश्य हमखास दिसते. अंधेरीच्या मोगरा नाल्यावर, कांदिवलीच्या पोयसर नदीत, बोरिवली-दहिसरच्या दहिसर नदीत, मुलुंड-घाटकोपरच्या नाल्यांच्या काठी पोकलेन यंत्रे उभी असतात. काळा, दुर्गंधीयुक्त गाळ उपसून काठावर टाकला जातो, डंपर भरून नेले जातात. जूनमध्ये पाऊस सुरू होतो. पुढच्या वर्षी मे महिना आला की तेच यंत्र त्याच जागी पुन्हा गाळ उपसताना दिसते. नाल्याशेजारी राहणारा विद्यार्थी मग साहजिकच विचारतो, "गेल्या वर्षी काढला होता ना? मग हा आला कुठून?"

प्रश्न साधा आहे, पण त्याच्या उत्तरात भूगोल, भौतिकशास्त्र आणि थोडे रसायनशास्त्रही येते. शिवाय हा प्रश्न नाल्यापुरता राहत नाही. पाणी घरात शिरले की गाळही घरात येतो, आणि पाणी ओसरल्यावर फावडे हाती घ्यावे लागते ते घरच्या माणसांनाच.

२६ जुलै २००५ या दिवशी सांताक्रूझच्या वेधशाळेत २४ तासांत ९४४ मिलिमीटर पावसाची नोंद झाली. त्याच काळात कुलाब्याला फक्त ७३ मिलिमीटर पाऊस पडला होता. एक मिलिमीटर पाऊस म्हणजे दर चौरस मीटरवर एक लिटर पाणी. या हिशेबाने उपनगराच्या एका चौरस किलोमीटरवर त्या दिवशी सुमारे ९४ कोटी लिटर पाणी पडले. मुंबईत ४०० हून अधिक माणसे दगावली. पाणी एक-दोन दिवसांत उतरले, पण तळमजल्याची घरे, चाळी, दुकाने आणि शाळा यांमधील चिखल काढण्याचे काम पुढे कित्येक दिवस चालले होते.

हिम आणि चिखल

अमेरिका-कॅनडात स्थायिक झालेल्या नातेवाइकांकडून हिवाळ्यात एक तक्रार नेहमी ऐकू येते : रात्रभर हिम पडते आणि सकाळी फावड्याने दारासमोरची वाट मोकळी करावी लागते. घरासमोरच्या पदपथावरील हिम घरमालकानेच काढायचे, असा तिकडे अनेक शहरांत नियम आहे. वाट मोकळी होते न होते तोच नगरपालिकेचा नांगर रस्त्यावरचे हिम ढकलत येतो आणि नेमके दाराच्या तोंडाशी लोटून जातो. मग पुन्हा फावडे!

आपल्याकडचा चिखल या हिमाशी ताडून पाहू. तीन मीटर बाय चार मीटरची खोली घ्या. क्षेत्रफळ १२ चौरस मीटर. एवढ्या जागेवर ३० सेंटिमीटर ताजे हिम पडले तर त्याचे आकारमान ३.६ घनमीटर होईल. ताजे हिम भुसभुशीत असते. एका घनमीटरचे वजन साधारण १०० किलो. म्हणजे एकूण ३६० किलो. आता त्याच खोलीत फक्त ५ सेंटिमीटर ओला चिखल साचला आहे असे समजा. आकारमान ०.६ घनमीटर. ओल्या चिखलाची घनता पाण्याच्या दीडपट धरली तर वजन ९०० किलो, म्हणजे हिमाच्या अडीचपट. एका घमेल्यात १५ किलो धरले तर साठ घमेली!

दुसरा फरक याहून मोठा आहे. उन्हे वाढली की हिम वितळून आपोआप निघून जाते. चिखलातले पाणी उडून जाते, पण माती तिथेच राहते आणि घट्ट होते. ती कोणीतरी उचलून नेली तरच जाते.

माती खाली कशी येते?

उपनगरांच्या मधोमध संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाच्या टेकड्या आहेत. दहिसर, पोयसर आणि ओशिवरा या नद्या याच डोंगराळ भागातून निघून पश्चिमेच्या खाड्यांना मिळतात. विहार आणि पवई तलावांच्या सांडव्याचे पाणी मिठी नदीतून माहीमच्या खाडीत जाते. मुलुंड-घाटकोपरचे नाले पूर्वेला ठाण्याच्या खाडीकडे वाहतात. म्हणजे वर उतार, खाली खाडी आणि मध्ये दाट वस्तीची सपाट पट्टी, अशी ही रचना आहे.

टेकड्यांचा खडक बसाल्टचा. तो झिजून मुरूम आणि पुढे चिकणमाती होते. दाट झाडी आणि पाचोळा असलेल्या उतारावर पावसाच्या थेंबांचा मारा पानांवर पडतो, मुळे माती धरून ठेवतात आणि पाणी हळूहळू जिरते. झाडी गेली, उतार खणला, बांधकामासाठी माती उघडी पडली की तोच पाऊस माती घेऊन खाली धावतो. इमारतींचा राडारोडा, रस्त्यावरची धूळ, कचरा आणि सांडपाण्यातले घटक त्यात मिसळतात. नाल्यातला गाळ काळा आणि दुर्गंधीयुक्त का असतो, याचे उत्तर या सांडपाण्यात आहे.

हीच माती कधी कधी थोडी थोडी न येता एकदम येते. १२ जुलै २००० ला घाटकोपरच्या आझाद नगरात, २६ जुलै २००५ ला साकीनाक्याला आणि १८ जुलै २०२१ ला चेंबूर व विक्रोळीला टेकडीच्या पायथ्याच्या घरांवर दरडी कोसळून अनेक कुटुंबे गाडली गेली. नाल्यातला गाळ आणि कोसळलेली दरड यांचे मूळ एकच आहे : आधार सुटलेला, पाण्याने जड झालेला उतार.

गाळ नेमका कुठे बसतो?

वाहते पाणी माती वाहून नेते आणि संथ झाले की खाली टाकते. कोणता कण किती वेळात खाली बसेल हे त्याच्या आकारावर अवलंबून असते. जॉर्ज स्टोक्स या शास्त्रज्ञाने एकोणिसाव्या शतकात मांडलेल्या नियमानुसार बारीक कणांचा पडण्याचा वेग त्यांच्या व्यासाच्या वर्गाच्या प्रमाणात असतो. म्हणजे व्यास दहा पटींनी कमी झाला की वेग शंभर पटींनी कमी होतो.

स्थिर पाण्यात एक मीटर खाली जायला लागणारा वेळ असा :

वाळूचा बारीक कण (व्यास ०.१ मिलिमीटर) – सुमारे २ मिनिटे
पोयट्याचा कण (०.०१ मिलिमीटर) – सुमारे ३ तास
चिकणमातीचा कण (०.००१ मिलिमीटर) – सुमारे १३ दिवस

आता नाल्याचा विचार करा. टेकडीवरून येणारे पाणी सपाट पट्टीत शिरले की मंदावते आणि वाळू तिथेच बसते. पुढे खाडीच्या तोंडाशी भरतीचे पाणी उलट दाब देते. भरती-ओहोटीचे चक्र सुमारे साडेबारा तासांचे असते. भरतीच्या काळात नाल्याचे पाणी काही तास जवळजवळ उभे राहते, आणि पोयटा बसायला तेवढा वेळ पुरतो.

उरली चिकणमाती. तेरा दिवस कोणतेही पाणी स्थिर उभे राहत नाही, म्हणून ती समुद्रात निघून जायला हवी. पण इथे रसायनशास्त्र आड येते. चिकणमातीच्या कणांवर ऋण विद्युतभार असतो, त्यामुळे गोड्या पाण्यात ते एकमेकांना दूर ढकलतात. खाडीच्या खाऱ्या पाण्यातील धन आयनांमुळे हा भार झाकला जातो. कण एकमेकांना चिकटतात, त्यांचे पुंजके होतात आणि पुंजका मोठा झाल्यामुळे तो लवकर खाली बसतो. म्हणजे नाल्याच्या वरच्या भागात वाळू, मधल्या भागात पोयटा आणि खाडीजवळ चिकणमाती असा गाळ भरत जातो. नाला रिकामा केला तरी हा उतार, ही भरती आणि हे खारे पाणी बदलत नाही. म्हणून गाळ परत येतो.

थोड्या गाळाने किती बिघडते?

तीन मीटर रुंद आणि दीड मीटर खोल नाला निम्म्या खोलीपर्यंत गाळाने भरला, तर तो निम्मे पाणी वाहून नेईल असे आपल्याला वाटते. प्रत्यक्षात तो सुमारे ४० टक्केच नेतो, कारण उरलेल्या उथळ प्रवाहाला तळाशी होणारे घर्षण तुलनेने जास्त भोवते. मुंबईची जुनी पर्जन्यजल वाहिन्यांची व्यवस्था ओहोटीच्या वेळी ताशी २५ मिलिमीटर पावसाच्या हिशेबाने बांधलेली होती. १९९३ च्या 'ब्रिमस्टोवॅड' अहवालाने ही क्षमता ताशी ५० मिलिमीटर करण्याची शिफारस केली. २००५ च्या पुरानंतर डॉ. माधवराव चितळे यांच्या अध्यक्षतेखाली नेमलेल्या समितीनेही या प्रश्नाचा सविस्तर अभ्यास केला. नाले रुंद झाले, उदंचन केंद्रे उभी राहिली. पण नाला कितीही रुंद केला तरी त्यात गाळ राहिला तर कागदावरची क्षमता प्रत्यक्षात मिळत नाही. म्हणून दरवर्षीचा उपसा टळत नाही.

काठावरचा ढीग

उपसलेला गाळ लगेच का उचलत नाहीत, अशी तक्रार नागरिक करतात. यामागे एक खरे कारण आहे. आपल्या खोलीतल्या ९०० किलो चिखलाचे उदाहरण घेतले, तर त्यात सुमारे ४२० किलो पाणी आणि ४८० किलो माती असते. लगेच डंपर भरला तर जवळजवळ अर्धा भार पाण्याचाच वाहावा लागतो. म्हणून गाळ काठावर निथळू देतात. पण ढीग रेंगाळला आणि मध्येच वळिवाची सर आली, की माती पुन्हा नाल्यात उतरते. हिम दारात लोटून जाणाऱ्या नांगराची आठवण इथे होते. गाळ नुसता सरकवणे आणि तो दूर नेणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

गाळ मोजणेही यामुळेच अवघड होते. वजनावर पैसे दिले तर पाण्याचेही पैसे जातात. आकारमानावर दिले तर ढीग किती दबलेला आहे हा प्रश्न उरतो. मिठी नदीच्या गाळ उपशातील कथित गैरव्यवहाराबद्दल २०२५ मध्ये मुंबई पोलिसांच्या आर्थिक गुन्हे शाखेने गुन्हा नोंदवला. किती गाळ निघाला, हा विज्ञानाइतकाच सार्वजनिक हिशेबाचाही प्रश्न आहे.

घरात चिखल आला तर

वरची माहिती घरीही उपयोगी पडते. सर्वांत आधी विजेचा मुख्य खटका बंद असल्याची खात्री करावी. पाण्यात उभे राहून त्याला हात लावू नये. पायात गमबूट आणि हातात रबरी हातमोजे घालावेत, जखमा झाकाव्यात. उंदीर-घुशींच्या मूत्रातून पाण्यात उतरणारे लेप्टोस्पायरा जीवाणू जखमेतून शरीरात शिरतात. २००५ च्या पुरानंतर मुंबईत लेप्टोस्पायरोसिसची मोठी साथ आली होती. चिखलातून वावरल्यानंतर ताप आला तर अंगावर काढू नये. लगेच दवाखान्यात जावे आणि पुराच्या पाण्यात वावरल्याचे डॉक्टरांना आवर्जून सांगावे.

मग वेळेचे गणित. खोलीत ३० सेंटिमीटर पाणी असेल तर वाळू अर्ध्या मिनिटात बसते, पोयट्याला जवळजवळ तासभर लागतो आणि चिकणमाती काही दिवस तरंगत राहू शकते. म्हणून पाणी ओसरू लागले आणि बाहेरचे गटार वाहते असले, तर खराट्याने पाणी ढवळत आतल्या कोपऱ्याकडून दाराकडे लोटावे. बारीक माती पाण्याबरोबर जाते आणि उपसण्याचे काम कमी होते. गटार तुंबलेले असेल तर मात्र हा उपाय करू नये. ती माती शेजाऱ्याच्या दारात बसेल.

खाली बसलेला जाड गाळ ओला असतानाच काढावा. आपल्याकडच्या काळ्या चिकणमातीची जात अशी, की ती ओली असताना फुगते आणि वाळताना आकसून फरशीला घट्ट धरते. फावडे सरळ खुपसून उचलले तर चिखल ते ओढून धरतो, कारण खाली हवा शिरत नाही. पाते तिरके सारून कडेने उचलावे. घमेले अर्धेच भरावे आणि चार जणांनी ओळीत उभे राहून हातोहात पुढे द्यावे. ढीग गटारापासून दूर, उंच जागी करावा, त्यावर प्लास्टिक घालावे आणि पालिकेच्या गाडीत तो जाईपर्यंत लक्ष ठेवावे.

वर्गात करून पाहा

तीन सारख्या बाटल्यांत चमचाभर काळी माती आणि पाणी घाला. पहिलीत काही मिसळू नका, दुसरीत दोन चमचे मीठ आणि तिसरीत चिमूटभर तुरटीची पूड टाका. जोरात हलवून ठेवा आणि दर दहा मिनिटांनी कोणते पाणी किती नितळ झाले ते विद्यार्थ्यांना नोंदवू द्या.

दुसऱ्या प्रयोगासाठी दोन ट्रे घ्या. एकात गवतासह मातीचा थर, दुसऱ्यात उघडी माती. दोन्ही सारखेच तिरके ठेवून झारीने सारखेच पाणी घाला आणि खाली जमलेले पाणी भांड्यांत धरा. ते आटवून उरलेली माती तराजूत तोला.

पहिला प्रयोग गाळ खाडीच्या तोंडाशी का बसतो ते दाखवतो आणि दुसरा तो मुळात येतो कुठून ते. नाल्यात फावडे चालवावेच लागेल, पण ते किती चालवावे लागेल हे वरच्या टेकडीवर गवत टिकते की नाही यावर ठरते. आपल्या शाळेजवळचा नाला कोणत्या टेकडीवरून येतो आणि वाटेत माती कुठे उघडी पडली आहे, याचा नकाशा विद्यार्थ्यांनी पावसाळ्यापूर्वी तयार केला, तर तो प्रभाग कार्यालयालाही उपयोगी पडेल.